अकरा माणसांचा कार्यक्रम

आल्डरशॉट,
२३ नोव्हेंबर

ती. बाबांस,
शि. सा. न.

परवा फोनवर सांगायला घेतलं होतं, पण तुम्ही नेहमीसारखा फोन लगेच आईच्या हातात दिलात. म्हणून लिहायला बसले. चष्मा लावून सावकाश वाचा. आईलाही वाचून दाखवा, फक्त शेवटचा भाग आधी तुम्ही एकट्यानं वाचा.

माझ्या हॉस्पिटलच्या वॉर्डातल्या नेपाळी दिदीबद्दल मी आईला सांगितलं होतं. आल्डरशॉट हे इंग्लंडमधलं, १८५४ पासूनचं लष्करी छावणीचं गाव. ब्रिटिश सैन्याच्या गुरखा पलटणीतून निवृत्त झालेली पुष्कळ कुटुंबं इथं घर करून राहिली आहेत, त्यामुळे बाजारात निघालं की नेपाळी कानावर पडतेच. दिदीच्या नवऱ्याला मी दाजू म्हणते. नेपाळीत दाजू म्हणजे थोरला भाऊ. आपल्याकडच्या दाजींमुळे सुरुवातीला माझा गोंधळच उडाला होता. हे दाजू पलटणीतून सुटल्यावर एका गोदामात नोकरी करतात आणि एका कव्हर बँडमध्ये बेस गिटार वाजवतात. कव्हर बँड म्हणजे तुमचा ऑर्केस्ट्राच, बाबा. दुसऱ्यांची गाजलेली गाणी जशीच्या तशी वाजवायची, लोकांच्या फर्माईशी घ्यायच्या, सामान स्वतः उचलायचं आणि पहाटे घरी यायचं.

गुरुवारी माझी सुट्टी होती. दिदी म्हणाली, चल. स्टेशनच्या पलीकडच्या एका पबात कार्यक्रम होता. दुपारपासून पाऊस लागला होता, संध्याकाळी गाड्याही उशिरानं धावत होत्या. आम्ही पोचलो तेव्हा आत बँडचे चौघं आणि पबची मालकीण एवढीच माणसं. स्टेज असं नव्हतंच. पूल या बिलियर्डसारख्या खेळाचं टेबल भिंतीला सरकवून कोपरा मोकळा केला होता. मी कार्यक्रमभर माणसं मोजत होते. शेवटपर्यंत आम्ही दोघी धरून अकरा झाली.

रिकाम्या खोलीत आवाज कसा घुमतो हे मी तुम्हाला काय सांगणार! माणसांचे कपडे, माणसांची अंगं आवाज पितात, हे तुमच्याकडूनच ऐकलेलं. माणसंच नसली की झांजेचा प्रत्येक ठोका भिंतीवरून परत येतो. ड्रमवाल्यानं एक घाव मारून बघितला, मान हलवली, आत जाऊन भांडी पुसायचा पंचा आणला आणि स्नेअरवर, म्हणजे पुढ्यातल्या छोट्या ड्रमवर, अंथरला. गिटारवाल्यानं वरच्या, टोचणाऱ्या सुरांचा आवाज कमी केला. गाणाऱ्या बाईंचा घसा बसला होता, म्हणून सगळ्यांनी पट्टी एका सुरानं उतरवली. तुम्ही लोक जसं नुसतं बोट दाखवून ‘काळी दोन’ ठरवायचात, तसंच, एक शब्द न बोलता. मग यादीतलं पहिलं गाणं सुरू झालं आणि मला क्षणभर सुद्धा असं वाटलं नाही की ही माणसं खोली रिकामी आहे म्हणून हात राखून वाजवतायत.

तिसऱ्या की चौथ्या गाण्यात गिटारची तार तुटली. दुसरी गिटार जवळ नव्हती. दाजूंनी ड्रमवाल्याकडे फक्त पाहिलं आणि दोघांनी तोच ठेका धरून ठेवला, गोल गोल, न थांबता. गिटारवाला पाठमोरा होऊन तार बदलत होता. तेवढ्यात त्या बाईंनी माइक स्टँडला लावून टाकला, चालत पुढे आल्या आणि बसक्या घशानं तशाच गायला लागल्या. पहिल्या टेबलाशी रेनकोट न काढता एक म्हातारी बसली होती. तिच्या तोंडात प्रत्येक शब्द होता. बोटातल्या अंगठीनं ती ग्लासावर ठेका धरत होती आणि तो बारीक किणकिण आवाज दाजूंच्या बेसच्या बरोबर मध्ये पडत होता. तार लागली, गिटारवाला समेवर आला आणि आम्ही अकरा माणसांनी केवढ्या टाळ्या वाजवल्या म्हणून सांगू!

मध्यंतरात दाजू आमच्या टेबलाशी आले. मी म्हटलं, इतकी थोडी माणसं आली, वाईट वाटत नाही? त्यांनी या गावातली एक हकिगत सांगितली. तुम्हाला ती फार आवडेल. बीटल्स ऐकलेत ना तुम्ही? ९ डिसेंबर १९६१ ला, शनिवारी, ती पोरं याच गावात वाजवायला आली होती. तेव्हा रिंगो स्टार आलेला नव्हता, ड्रमवर पीट बेस्ट होता. लिव्हरपूलहून साडेतीनशे किलोमीटर गाडीतून आली. आयोजकानं वर्तमानपत्रात दिलेली जाहिरात छापलीच गेली नव्हती. स्पर्धेसाठी बोलावलेला दुसरा बँड उगवला नाही. मग आसपासच्या कॉफीच्या दुकानांत फिरून लोकांना बोलवावं लागलं. पॅले बॉलरूम नावाचा तो एवढा मोठा हॉल, आणि आत माणसं १८. त्या रात्रीचे फोटो आहेत. त्यांत मोकळ्या फरशीवर मोजक्या जोड्या नाचताना दिसतात आणि ही चार पोरं काळ्या कपड्यांत वाजवतायत.

आणि बाबा, तेव्हा ते वाजवत काय होते? बरीचशी दुसऱ्यांचीच गाणी. पुढच्याच महिन्यात, १ जानेवारी १९६२ ला, एका रेकॉर्ड कंपनीत त्यांची परीक्षा झाली. तिथं १५ गाणी म्हटली, त्यांतली १२ दुसऱ्यांची. कंपनीनं नाकारलं. २२ मार्च १९६३ ला पहिली एलपी आली, तिच्यातल्या १४ गाण्यांपैकी सुद्धा ६ दुसऱ्यांचीच. ‘नक्कलच करता ना तुम्ही’ असं आपल्याकडे आलेला जो तो तुम्हाला म्हणायचा, म्हणून हे मुद्दाम आकड्यांसकट लिहिलं. मला ते बोलणं तेव्हाही लागायचं, पण उत्तर देता यायचं नाही. गुडी सिरवाई आणि इनॉक डॅनियल्स यांनी रेकॉर्डवर वाजवलेले अ‍ॅकॉर्डियनचे पीस तुम्ही रेडिओला कान लावून उतरवायचात. त्यांची नावं सिनेमाच्या रेकॉर्डच्या कव्हरवर बहुधा नसायची, पण आमच्या घरात ती देवासारखी घेतली जायची. ज्यानं एकेक सूर असा शोधून काढला आहे, त्याच्या वाजवण्याला नक्कल कसं म्हणायचं?

इथं एक गोष्ट मला फार बरी वाटली. पबवाल्यांना संगीताचं लायसन काढावं लागतं आणि त्या पैशातून ज्यांनी गाणी लिहिली, चाली बांधल्या, त्यांना वाटा जातो. आणि ५०० च्या आत श्रोते असतील, रात्री ११ ला आटपत असेल, तर अशा पबला त्या कार्यक्रमासाठी वेगळी परवानगी काढावी लागत नाही. २०१२ साली कायदा झाला तेव्हा ही मर्यादा २०० होती, २०१५ ला वाढवली. त्यामुळे छोट्या बँडांना कोपरा मिळतो. आपल्याकडे दहाच्या ठोक्याला पोलीसपाटील समोर येऊन उभे राहायचे, ते आठवलं.

अकराला पाच कमी असताना शेवटचं गाणं संपलं. मालकिणीनं ठरलेले पैसे पुरे दिले, एक पौंड कमी केला नाही. मग सामान आवरणं. दिदी स्टँड उचलत होती, मी केबल गुंडाळायला घेतली. तुम्ही शिकवलेलं हात विसरले नव्हते: एक वेढा सुलटा, एक उलटा, म्हणजे वायरीला पीळ पडत नाही आणि पुन्हा सोडताना गाठ होत नाही. दाजू थबकून बघत राहिले. म्हणाले, हे तुला कुणी शिकवलं? मी म्हटलं, माझ्या बाबांनी. ते ऑर्केस्ट्रात अ‍ॅकॉर्डियन वाजवायचे. त्यांनी काही न बोलता राहिलेल्या सगळ्या केबली माझ्यापुढे आणून ठेवल्या. व्हॅनमध्ये सामान चढवेपर्यंत आम्ही तिघं चिंब भिजलो. घरी आल्यावर मला झोप लागली नाही.

आता हे आईला मागाहून वाचून दाखवा.

१९९६ सालच्या गणपतीत तुम्ही मला कवठेमहांकाळकडच्या एका गावात घेऊन गेला होता. मी दहा वर्षांची. मेटॅडोरमध्ये तुमच्या अ‍ॅकॉर्डियनच्या पेटीवर बसून आले होते. दोन ट्रॉल्या जोडून स्टेज केलेलं, वर ताडपत्री, आणि आठ वाजता जो पाऊस सुरू झाला तो थांबेना. समोर नऊ माणसं राहिली. मी ती मोठ्यानं मोजली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. निवेदककाका म्हणाले, गुंडाळूया. तुम्ही म्हणालात, नऊ माणसं म्हणजे अठरा कान, आणि भात्याचे पट्टे खांद्यावर चढवलेत. मला तुमची लाज वाटली, बाबा. परत येताना मी म्हटलं, मला पुन्हा आणू नका. तुम्ही खरंच पुन्हा नेलं नाहीत, आणि मीही कधी चला म्हटलं नाही. शाळेत विचारलं की माझे बाबा एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये असतात एवढंच सांगायचे. अठ्ठावीस-एकोणतीस वर्षं हे माझ्या मनात आहे. गुरुवारी त्या कोपऱ्यात दाजूंना वाजवताना बघून ते वर आलं. मला माफ करा.

एक विचारायचंय. त्या रात्री मला झोप आवरेना म्हणून काकांनी मला स्टेजमागे, वाद्यांच्या खोळींवर निजवलं होतं. अर्धवट झोपेत मी ऐकलं, शेवटचं गाणं तुम्ही दोनदा वाजवलंत. पाऊस ताडपत्रीवर कोसळत होता आणि अ‍ॅकॉर्डियन दोन्ही वेळा सुरुवातीपासून आलं होतं. त्या नऊ जणांतून वन्स मोअर कुणी दिला होता?

तुमची,
ताई