गोळ्यांची बाटली मी आणलीय

ती. बाबा आणि प्रिय आई,
सा. न.

आई, फडताळातली आयर्नच्या गोळ्यांची मोठी बाटली शोधत बसू नकोस. ती माझ्याकडे आहे, नाशिकला. विचारलं असतं तर बाबा “राहू दे गं, ताकदीच्या आहेत” म्हणाले असते आणि मी मुकाट्याने परत ठेवली असती. म्हणून निघताना पर्समध्ये टाकली. रागावू नका.

दर दिवाळीला ती मीच तर आणत होते. बाबांचं हिमोग्लोबिन एकदा तपासावं, हे पाच वर्षांत सुचलं नाही. पक्षाघाताच्या झटक्यानंतर तपासलं तर 14.6, म्हणजे कमी नव्हतंच. फेरिटिन, म्हणजे अंगातल्या लोहाच्या साठ्याचं माप, तेही बरंच वर. डॉक्टरांनी विचारलं, “यांना ही गोळी कुणी सुरू केली?” तुम्ही दोघं बाहेर बाकावर होतात. मी खाली बघत राहिले.

मग त्यांना खोदून खोदून विचारलं. आपलं शरीर रोज जेमतेम 1-2 मिलिग्रॅम लोह आत घेतं, पण साठा जास्त झाला तर तो बाहेर टाकायची सोय त्याच्याकडे नाही. गुठळीने मेंदूतली रक्तवाहिनी अडली की तिथल्या पेशींमधलं लोह सुटं होतं आणि आजूबाजूच्या धडधाकट पेशींनाही पोळतं. जादा लोह खाऊ घातलेल्या उंदरांच्या मेंदूला काही प्रयोगांत जास्त इजा झालेली दिसली. फेरिटिन जास्त असलेले पेशंटही पुष्कळदा हळू सुधारतात. पण आजारपणात फेरिटिन आपसूकही वाढतं. त्यामुळे बाबा, तुमचा डावा हात गोळ्यांमुळे गेला असं डॉक्टर म्हणत नाहीत. मीही म्हणत नाही. रात्री दोनला म्हणते, ते सोडा.

गोळ्या बंद करायच्या हे मात्र डॉक्टरांशी बोलून ठरलंय. त्यावर आता चर्चा नको.

जेवणाचं काही बदलायचं नाही. मेथी, पालक, नाचणीची भाकरी, सगळं चालेल. आई, तुझी लोखंडी कढईही जिथल्या तिथे आहे, ती न्यायची माझी काय हिंमत! शेजारच्या काकू ‘रक्त वाढवायला’ बीट आणि अळिवाचे लाडू पाठवतील, तर ते तू खा. तुझं हिमोग्लोबिन 9.4 आहे. तुझ्या गोळ्या वेगळ्या पाकिटात ठेवल्यात, त्या चालूच ठेवायच्या. लिंबाच्या पाण्याबरोबर घे, चहाबरोबर मुळीच नाही, चहाने लोह अंगी लागत नाही. आणि “तुम्हीपण घ्या हो एक” असं बाबांना म्हणायचं नाही. मला माहितेय तू म्हणतेस.

बाबा, तुमच्या जेवणानंतरच्या चहावर मी वीस वर्षं कटकट केली. ती परत घेते. साखर अर्धा चमचाच.

परवा बसमध्ये ते नंदुरबारचं टॉनिक आठवलं. तिसरीतल्या हिवतापानंतरचं. चव गंजक्या खिळ्यासारखी, दात काळे. मी तोंड घट्ट मिटायचे, मग तुम्ही एक चमचा स्वतः प्यायचात आणि काळे दात दाखवून राक्षसासारखे हसायचात. महिनाभर रोज. तुम्हाला त्याची काडीची गरज नव्हती, बाबा.

रक्त पातळ ठेवायची आणि बीपीची गोळी एक दिवसही चुकवायची नाही. बरं वाटलं म्हणून बंद तर अजिबात नाही, नानांचं काय झालं ते आपण पाहिलंय. बॉल दाबायचा व्यायाम सकाळ-संध्याकाळ. जिना उतरताना काठी, आणि आई पुढे नाही, मागे नाही, बाजूला. पापड-लोणचं वरच्या फळीवर ठेवलंय, स्टूल मी लपवलंय.

नवं गरम पाण्याचं भांडं रविवारी येईल. पार्सलवाल्याला पैसे द्यायचे नाहीत, दिलेत.

तुमची,
बेबी