आडवाटेचा प्रवास आणि खचलेल्या साइडपट्ट्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दसरा झाला, पाऊस उघडला, की वृत्तपत्रांतून सहलींची माहिती येऊ लागते. गगनबावडा, राधानगरी, दाजीपूर, पन्हाळा, तिथे काय पाहावे, कोठे जेवावे आणि कोल्हापुरातून किती वेळात पोहोचता येते, हे त्यात असते. ही माहिती उपयोगाची आहे. मात्र शहर आणि ही ठिकाणे यांच्यामधला मुलूख त्यात क्वचितच येतो. गेली अकरा वर्षे महिन्यातून दोन रविवार मी जुन्या बुलेटवरून, एकट्याने आणि अगदी सावकाश, या मधल्या मुलखात फिरतो आहे. त्या अनुभवावरून या प्रवासाविषयी, आणि त्याच्या आड येणाऱ्या एका गोष्टीविषयी, आपल्या वाचकांपुढे चार शब्द मांडावेत म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझी गाडी गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असलेल्या जुन्या घडणीची, ३४६ सीसीची आहे. ताशी चाळीस ते पन्नास किलोमीटर हा तिचा खरा वेग. त्याच्या खाली ती अडखळते, वर गेली की हँडल थरथरू लागते. या वेगाने फुलेवाडीतून निघून बालिंग्याच्या पुलावर भोगावती ओलांडायची, पुढे कळ्यापर्यंत गगनबावड्याचा मोठा रस्ता धरायचा आणि तिथून बाजारभोगावच्या बाजूला वळून कुंभीच्या खोऱ्यातून कासारीच्या खोऱ्यात उतरायचे, परतताना कोतोलीवरून यायचे, हा माझा सर्वांत आवडता फेरा आहे. एखादी मोटार हे अंतर सकाळच्या न्याहारीआधी उरकेल. मला सबंध दिवस लागतो, आणि तो मी आनंदाने देतो.

पंचगंगा म्हणजे कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती, हे आपण सर्वांनी शाळेत पाठ केले आहे. मीही केले होते. पण कोणती नदी कोणत्या डोंगराच्या कुशीतून येते, कोणत्या गावाला वळसा घालते आणि प्रयाग चिखलीच्या संगमाकडे कशी निघते, हे मला चाळिशी उलटल्यावर, पूल आणि बंधारे एकेक करून ओलांडताना कळले. दरवर्षीच्या पुरात मांडुकलीजवळ पाणी आले की गगनबावड्याचा रस्ता बंद होतो, ही बातमी आपण वाचतो. डिसेंबरात त्याच रस्त्यावरून हळू जाताना शेत आणि रस्ता यांच्या उंचीत फरक किती थोडा आहे, हे नुसत्या नजरेला दिसते, आणि त्या बातमीचा अर्थ लागतो.

देशभर ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ म्हणून ओळखला जाणारा बंधारा आपल्यापैकी किती जणांनी जवळून पाहिला असेल? पावसाळा संपल्यावर दगडी खांबांच्या खाचांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, बसवून पाणी अडवतात आणि पुढच्या पावसाच्या आधी ते काढून घेतात, म्हणजे पुराला वाट मोकळी राहते. दोन वर्षांपूर्वी अशाच एका बंधाऱ्यावर गाडी स्टँडला लावून मी तासभर बसलो होतो. बरग्यांच्या दोन रांगा लागल्या होत्या आणि मधल्या पोकळीत माणसे चिकणमाती टाकून पायाने तुडवत होती. माती बसत गेली तशी फटींतून उडणारी पाण्याची चिळकांडी बारीक होत होती. शेवटची धार थांबली तेव्हा त्यांच्यातल्या वयस्क गृहस्थांनी हात धुतले आणि मला विचारले, “कुठलं म्हणायचं पावणं?” पुढचा अर्धा तास ते मला पाण्याच्या पाळ्या, वीज रात्रीची येते म्हणून होणारी जागरणे आणि उसाचे वजन यांविषयी सांगत होते.

हा प्रश्न एकट्या माणसालाच विचारला जातो, असा माझा अनुभव आहे. आठ-दहा गाड्यांचा घोळका थांबला की गावातली माणसे लांबूनच पाहतात, कारण घोळक्याला आपली सोबत पुरेशी असते. एकटा माणूस पारावर बसला तर चहा आपसूक येतो. शिवाय कोठे थांबायचे, किती वेळ थांबायचे आणि ढग दिसले तर कोठून मागे फिरायचे, हे कोणाला विचारावे लागत नाही. मित्रांबरोबर फिरण्याला माझा विरोध नाही, पण मुलूख जाणून घ्यायचा असेल तर निदान एकदा एकट्याने जावे.

हंगामात गुऱ्हाळाचा वास रस्त्यावर आधी येतो आणि धुराचे धुराडे मागाहून दिसते. ऐंशीच्या वेगाने जाणाऱ्याला वास येईपर्यंत वाट मागे पडलेली असते. मागच्या माघात एका गुऱ्हाळावर मी आधण, म्हणजे उकळत्या रसाची एक खेप, उतरताना पाहिले. चुलवाणात जळव्या वाळलेली चिपाडे सारत होता. काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, रसावर आलेली मळी, भेंडीच्या रोपाचा चिकट रस घालून, केव्हाच काढून झाली होती. गुळव्या उकळत्या पाकाचा थेंब थंड पाण्यात सोडून बोटांनी त्याची गोळी वळून पाहत होता. तिसऱ्या खेपेला ती गोळी त्याला हवी तशी वळली, त्याने मान हलवली आणि चौघांनी काहील उचलून पाक निवायच्या वाफ्यात रिकामी केली. त्या एका मान हलवण्यावर दिवसभराच्या उसाचे मोल ठरते. अशी गुऱ्हाळे आता कमी होत चालली आहेत, म्हणून जी आहेत ती आपल्या मुलांना तरी दाखवावीत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

सावकाश जाण्याचे दुसरे कारण सुरक्षिततेचे आहे, आणि ते मी तितक्याच आग्रहाने मांडतो. ताशी चाळीसच्या वेगात गाडी एका सेकंदाला सुमारे अकरा मीटर जाते, ऐंशीच्या वेगात बावीस. म्हणजे म्हैस आडवी आली हे डोळ्याला दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंतच दुप्पट अंतर गेलेले असते. त्यानंतर गाडी थांबायला लागणारे अंतर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते, म्हणजे ते चौपट होते. आतल्या रस्त्यांवर दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर ऊस उभा असतो आणि वळणापलीकडचे काहीच दिसत नाही. तिथे चौपट अंतर मिळण्याची शक्यता नसते. माझ्या गाडीला तर जुने ड्रम ब्रेक आहेत. हेल्मेट, चाकातली हवा, चेनचा ताण, पिशवीत क्लचची एक जादा वायर, घरी वाटेची कल्पना आणि दिवेलागणीच्या आत परत, एवढे मी कसोशीने पाळतो.

एवढे पाळूनही गेल्या जानेवारीत मी पडलो, आणि या पत्राचे निमित्त तेच आहे. कळे आणि बाजारभोगावच्या दरम्यान समोरून उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर आला. चालकाची काही चूक नव्हती, त्याच्या मापाला रस्ताच अरुंद होता. मी डावीकडे सरकलो आणि पुढचे चाक डांबराच्या कडेवरून खाली गेले. कड वीतभर खोल होती. गाडी आडवी झाली, गुडघा फुटला, फूटरेस्ट वाकला. मागून बैलगाडीने येणाऱ्या ऊसतोड मजुरांनी गाडी उचलून उभी केली, एका ताईंनी पाण्याची बाटली दिली. वेग तिशीचा होता म्हणून गुडघ्यावर भागले. फूटरेस्ट उद्यमनगरात एका कारागिराने तापवून, ठोकून सरळ करून दिला. त्या मजुरांचे आभार मात्र राहून गेले आहेत, ते या पत्राद्वारे मानतो.

ती वीतभर कड का तयार होते, हे समजून घेण्यासारखे आहे. रस्त्यावर दर काही वर्षांनी डांबराचा नवा थर चढतो आणि रस्ता उंच होत जातो. साइडपट्टी मात्र मुरूम टाकून, पाणी मारून, रोलर फिरवून त्या उंचीला आणावी लागते. हे काम राहून गेले, किंवा नुसता मुरूम पसरून ठेवला, की पहिल्याच पावसाळ्यात तो वाहून जातो. कडेचा आधार गेला की डांबरही कडेने तुटू लागते आणि अरुंद रस्ता आणखी अरुंद होतो. मोटारीला हे फारसे जाणवत नाही. सायकलवर शाळेला जाणारी मुले, दुधाच्या किटल्या लावलेल्या मोटारसायकली आणि माझ्यासारखे सावकाश जाणारे यांनाच समोरचे वाहन आले की कडेला उतरावे लागते, आणि उतरायला जागा नसते.

म्हणून संबंधित खात्यांना माझी विनंती आहे की, आतल्या रस्त्यांवर डांबरीकरणाचे काम निघेल तेव्हा साइडपट्टीचे काम त्याच्याबरोबरच पुरे करून घ्यावे, आणि जिथे आधीच कड पडली आहे तिथे गळीत हंगाम सुरू होण्यापूर्वी दाबलेल्या मुरुमाची भर घालावी. ट्रॉल्यांना मागे लाल आणि दोन्ही बाजूंना पिवळे रिफ्लेक्टर लावण्याचा आग्रह कारखान्यांनी वजनकाट्यावरच धरावा. आपणही आपल्या बातमीदारांना एखाद्या रविवारी या रस्त्यांवरून दुचाकीने पाठवावे.

मी पडलो ती जागा अजून तशीच आहे. गेल्या रविवारी मी तिथे थांबून पाहिले. कडेला कोणीतरी एक मोठा धोंडा ठेवून त्याला चुना फासला आहे. शाळकरी मुले त्या धोंड्याला वळसा घालण्यासाठी आता रस्त्याच्या मधून सायकली नेतात.

आपला विश्वासू,
एक वाचक, फुलेवाडी, कोल्हापूर