चौथऱ्यावरच्या इंजिनाचे आस आधी उघडा : रेल्वेमंत्र्यांना खुले पत्र

माननीय रेल्वेमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

सप्रेम नमस्कार.

नेरळ स्थानकात माथेरान रेल्वेचं जुनं वाफेचं इंजिन उभं आहे. 1907 साली अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी ही लाइन सुरू केली, तेव्हा जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीकडून आलेल्या चार इंजिनांपैकी हे एक. दुसरं एक इंग्लंडात गेलं. माथेरानला पुन्हा वाफ आणायची चर्चा अधूनमधून होते आणि दरवेळी ती बॉयलर आणि रंगापाशी थांबते. आमचं म्हणणं आसांबद्दल, म्हणजे समोरासमोरची दोन चाकं जोडणाऱ्या दांड्यांबद्दल (ॲक्सल) आहे.

दोन फुटी गेज (दोन रुळांमधलं अंतर), 1:20 चा चढ आणि सुमारे 18.3 मीटर त्रिज्येची वळणं. अशा वळणावर तीन ताठ आसांचं इंजिन अडतं. पहिल्या आणि शेवटच्या आसात 2 मीटर अंतर धरून गणित केलं, तर मधला आस टोकांच्या रेषेपासून जवळपास 27 मिलिमीटर बाजूला जायला हवा आणि टोकाचा प्रत्येक आस सुमारे 3 अंश वळायला हवा. फ्लँज (चाकाची रुळाच्या आत उतरणारी कड) आणि रूळ यांच्यात एवढी मोकळीक नसते. दार्जिलिंगहून बी वर्गाचं इंजिन आणून इथे तेलावर चालवून पाहिलं गेलं. त्याला दोनच आस, त्यामुळे हा प्रश्न त्याच्यापुढे या रूपात येतच नाही. माथेरानच्या मूळ इंजिनांनी तो टोकाच्या दोन क्लीन-लिंडनर आसांनी सोडवला.

त्यात दोन आस एकात एक असतात. आतला भरीव आस फ्रेमच्या बेअरिंगमध्ये फिरतो आणि त्याच्या टोकांना क्रँक (आस फिरवणारे दांडे) असतात. चाकं बसवलेली असतात बाहेरच्या पोकळ आसावर. दोघांना जोडतो तो मधोमध असलेला गोळा आणि त्यातून आडवी गेलेली खीळ. इंजिनाचं वजन आणि ओढ दोन्ही या गोळ्यातून चाकांपर्यंत जातात. पोकळ आस गोळ्यावर वळतो, थोडा आडवाही सरकतो, पण एका बाजूचे क्रँक एकमेकांना जोडणारे कप्लिंग रॉड मात्र सरळ राहतात. एक गोष्ट या रचनेने सुटत नाही : वळणावर बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा साधारण 3.3 टक्के लांब पडतो आणि दोन्ही चाकं एकाच आसावर असल्याने तेवढी घसरण होणारच. चाकांची झीज त्यामुळे अटळ आहे, ती पाहून कुणी आसाला दोष देऊ नये.

खरा बिघाड आत होतो आणि बाहेरून दिसत नाही. गोळ्याला तेल मिळालं नाही की खिळीची खाच रुंद होते, आणि दिशा बदलताना ठोका ऐकू येतो. त्याहून वाईट म्हणजे वर्षानुवर्षं कोकणच्या पावसात उभं राहिल्यावर गंज धरून गोळा जाम होणं. मग आस ताठ होतो, फ्लँज रुळावर चढतो आणि इंजिन घसरतं. नव्या रंगाखाली तेलाची भोकं बुजली असतील, तर या गंजाला आपणच हातभार लावतोय. रंगकामाच्या निविदेत 'तेलाची भोकं बंद करून रंगवा, नंतर मोकळी करा' ही एक ओळ आजपासून घाला. तिला पैसे पडत नाहीत.

काम करायचं तर क्रम असा हवा. आधी प्रत्येक आसाची जागा, बाजू आणि क्रँकची स्थिती पंचने खुणावून फोटो घ्यावेत. डाव्या-उजव्या क्रँकमधला 90 अंशांचा कोन नंतर अंदाजाने जुळवता येत नाही. रॉड उतरवावेत, बॉयलर आणि टाक्या रिकाम्या असतानाच जॅकवर इंजिन उचलावं आणि टोकाचे दोन आस खाली घ्यावेत. जाम झालेल्या जोडाला हातोडा लावू नये, गॅसने तापवू नये. गंज सोडवणारं तेल सोडून काही दिवस थांबावं. गोळा सुटला की तो तीन दिशांनी मोजावा, खीळ आणि खाच मोजावी, भेगांसाठी डाय पेनिट्रंट चाचणी (भेगेत शिरणाऱ्या रंगाने तपासणी) करावी. प्रत्येक माप कागदावर उतरवून पूर्ण नकाशा तयार करावा. इंजिन पुढे चालो वा न चालो, नकाशा लागणारच. नवा गोळा त्याच्याशिवाय कुणी बनवणार नाही.

परदेशी मदत लागली तर ती जर्मनीत आहे. पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्याच्या 600 मिलिमीटर गेजच्या लष्करी रेल्वेसाठी दोन हजारांहून अधिक आठचाकी इंजिनं बनली. त्यांच्या पहिल्या आणि चौथ्या आसाला हीच रचना होती आणि त्यांपैकी काही तिथे आजही वाफेवर धावतात. त्यांची मापं वेगळी, पण गोळ्याला तेल कसं पोचवायचं आणि किती झिजल्यावर बदलायचा, हे त्यांच्या फिटरना ठाऊक असतं.

पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज गाडी बंदच असते. येत्या जूनमध्ये मध्य रेल्वेच्या एखाद्या वर्कशॉपला हे दोन आस काढून मोजायचा लेखी आदेश द्यावा. बॉयलरचा खर्च, तेल की कोळसा, तिकीट किती, हे सगळं नंतर.

आपले,
नॅरोगेज वाफेच्या इंजिनांचे अभ्यासक