सिकलसेलचा रुग्ण आणि त्याची भाषा

महोदय,

१ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. सिकलसेल हा लाल रक्तपेशींना विळ्यासारखा आकार देणारा आनुवंशिक आजार. नंदुरबारच्या सातपुड्यात तपासण्या होतात, पण खाटेवरची शुश्रूषा अजून मागेच आहे.

सोल्युबिलिटी ही प्राथमिक रक्तचाचणी फक्त या आजाराचे 'एस' हिमोग्लोबिन आहे एवढेच सांगते. वाहक (दोष अंगात असूनही निरोगी) की रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या पुढच्या रक्ततपासण्यांनंतरच ठरते. हा फरक पावरी किंवा भिली या इथल्या आदिवासी बोलींत समजावला नाही, तर निरोगी वाहक मुलीचे लग्न मोडते आणि खऱ्या रुग्णाच्या गोळ्या चुकतात.

वेदनेचा झटका आलेला पावरा माणूस अनेकदा ओरडत नाही, गप्प पडून राहतो. म्हणून 'नाटक करतो' किंवा 'फार दुखत नसेल' असे गृहीत धरले जाते. ते चूक आहे. 'दुखते का?' विचारून मान हलली की भागत नाही; कुठे, कधीपासून, किती, हे त्याच्या बोलीत विचारा आणि अर्ध्या तासात वेदनाशामक मिळेल असे बघा. अंगावर पांघरूण हवे, पाणी भरपूर. बर्फाचा शेक कधीच नको, थंडीने रक्तवाहिन्या आकसतात आणि झटका वाढतो.

दंडावरचा बडव्याचा (गावातल्या मांत्रिक-वैदूचा) दोरा कात्रीने कापू नये. सलाइन दुसऱ्या हाताला लावता येते. दोरा कापला की नातेवाईक रुग्णाला उचलून घरी नेतात.

दिवाळीनंतर कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात, होळीला परततात. झटके कमी करणारे रोजचे औषध हायड्रॉक्सियुरिया मध्येच बंद पडते ते इथेच. जाण्याआधी रक्ततपासणी, पुरेशा गोळ्या आणि सोबत सिकलसेलचे कार्ड द्यायलाच हवे.

– एक परिचारिका, शहादा