गढीच्या देवडीला सिमेंट लावू नका : सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस,

सप्रेम नमस्कार.

१८२८च्या आगीत शनिवारवाड्याच्या आतल्या इमारती जळून गेल्या. तट, बुरूज आणि दिल्ली दरवाजा मात्र उरला. देशावरच्या आणि मराठवाड्यातल्या कितीतरी गढ्यांची गत तशीच आहे. आतले चौक ढासळले, पांढरी माती शेतात गेली आणि शिल्लक राहिली ती देवडी : कमान, दोन्ही बाजूंना पहारेकऱ्यांचे ओटे, वर नगारखाना. त्यामुळे निधी आला की तो आधी देवडीवरच खर्च होतो, आणि नुकसानही तिथेच होते.

या देवड्यांचा खालचा भाग दगडाचा आणि वरचा विटांचा असतो. सांधे चुन्याचे. पावसाळ्यात भिंत जे पाणी पिते ते उन्हाळ्यात याच सांध्यांतून बाहेर पडते. सांधे सिमेंटने भरले की ती वाट बंद होते. मग पाणी विटेतून वाट काढते, सोबतचे क्षार विटेच्या तोंडाशी साचतात आणि वीट पापुद्रे धरून झडू लागते. सिमेंट शाबूत राहते, वीट जाते.

काम असे व्हायला हवे. सुटलेला सांधा छिन्नीने, रुंदीच्या दुप्पट खोल उकरावा. ग्राइंडर नको, विटेच्या कडा तुटतात. चुना विरवून निदान पंधरवडा पाण्याखाली ठेवावा. एक भाग चुना, एक भाग सुरखी (विटेची पूड) आणि एक ते दोन भाग वाळू या प्रमाणात आधी भिंतीच्या कोपऱ्यात नमुना करून पाहावा. जळक्या विटेची सुरखी निरुपयोगी. ती चुन्याशी एकजीव होत नाही. काम झाल्यावर ओली गोणपाटे आठवडाभर तरी हवीतच.

छप्पर हा सर्वांत दुर्लक्षित भाग. माळवदात, म्हणजे मातीच्या सपाट छपरात, तुळया, कडीपाट (कड्या आणि फळ्या), किलचन (बारीक लाकडांचा थर) आणि वर पांढरी माती असते. गळती थांबावी म्हणून वर्षानुवर्षे मातीवर माती पडत जाते, वजन वाढते, तुळई वाकते. शिवाय भिंतीत गेलेले तुळईचे टोक ओल धरून आतून कुजते, आणि बाहेरून ते दिसत नाही. हातोडीने ठोकून बघावे; आवाज बद्द आला तर तेवढा भाग कापून सुकलेल्या सागाचा जोड द्यावा. टोकाभोवती बोटभर हवा खेळती ठेवावी, तिथे सिमेंट ठासू नये. जादा माती उतरवली तर अनेक ठिकाणी स्लॅबची गरजच उरत नाही.

मग येते सुशोभीकरण. पेव्हर ब्लॉकने अंगणाची पातळी वीतभर वर येते, उंबरा बुडतो, पावसाचे पाणी देवडीत शिरते. खालच्या दगडी खोबणीत फिरणारे दार अडते. मोठ्या दारातला छोटा दिंडी दरवाजाही उघडत नाही. त्यावर ऑइल पेंट चढवला की आतली ओल बाहेर पडत नाही आणि फळ्या कुजतात. जमीन मूळ पातळीला आणून उतार भिंतीपासून बाहेर काढणे आणि लाकडाला जवसाचे तेल देणे, एवढेच पुरे असते. कमानीत रुजलेला पिंपळ ओढून काढू नये, दगड हलतात. तो कापून मूळ मारावे आणि पोकळी पातळ चुन्याने भरावी.

आमच्या तीन मागण्या आहेत. या कामांचे अंदाजपत्रक नव्या इमारतींच्या दरसूचीवरून बनवू नये; त्यात चुना विरवणे, मळणे, भिजवणे यांची स्वतंत्र बाब असावी. नमुना मंजूर झाल्याशिवाय पुढचे काम सुरू होऊ नये. आणि निधी मार्चअखेरच्या घाईत न देता दिवाळीपूर्वी द्यावा. एप्रिल-मेच्या उन्हात चुना घट्ट होण्याआधीच वाळतो, त्याला तडे जातात, आणि पहिल्याच पावसात तो सुटला की दोष चुन्यावर येतो. पुढच्या खेपेला पुन्हा सिमेंट मंजूर होते.

यंदाच्या निविदा निघण्यापूर्वी याविषयी विभागाला लेखी सूचना द्याव्यात, ही विनंती.

आपले,
वाडे-गढ्यांच्या जतनाचे काम करणारे गवंडी, सुतार आणि वास्तुरचनाकार