फुलवातींचा चोर पकडून देणाऱ्या काकांना

काका, नमस्कार.

नाव घालू नकोस, असं तुम्ही बजावलं होतंत. "नाव घातलंस तर अख्खी डोंबिवली पिंजरे घेऊन माझ्या दारात उभी राहील." म्हणून नाव घालत नाही, गल्लीही सांगत नाही. पण आभार चारचौघांतच मानणार, कारण तुम्ही पैसे घेतले नाहीत. घेतलेत ते ८५ रुपये, तारेच्या घासण्यांचे आणि सिमेंटच्या पुडीचे. तेही पावतीसकट.

शेजारची इमारत मे महिन्यात पुनर्विकासासाठी पाडली, तेव्हा आम्ही फक्त धुळीच्या नावाने बोटं मोडत होतो. तिथली माणसं भाड्याच्या घरांत गेली. तिथले उंदीर कुठे गेले असतील, हे आमच्यापैकी एकाच्याही मनात आलं नाही. तुम्ही मात्र दारात चपला काढता काढता पहिला प्रश्न विचारलात, "बाजूची कधी पाडली?" घरात पाऊल टाकायच्या आधीच तुम्हाला अर्धं उत्तर मिळालं होतं.

आम्हाला ते उलट्या बाजूने, फार उशिरा कळलं. सुरुवात देवघरातून झाली. सासूबाई तुपात भिजवलेल्या फुलवाती एका वाटीत काढून ठेवतात. त्या रोज चार-पाच कमी व्हायला लागल्या. पहिला आळ आला माझ्या लेकीवर, बाहुलीची गादी करायला नेत असेल म्हणून. तिने रडून घर डोक्यावर घेतलं. मग आळ वाऱ्यावर गेला, मग सासूबाईंच्याच विसराळूपणावर. एक दिवस तांदळाच्या पिंपामागे काळे दाणे दिसले. मी ते कलौंजी समजून झाडून टाकले. (हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. आता सगळ्यांनाच कळलं.) नवरा म्हणाला, चिचुंद्री असेल, चिचुंद्री चांगली, झुरळं खाते. तुम्ही नंतर ते दाणे कागदावर घेऊन बॅटरीच्या उजेडात दाखवलेत: तांदळाएवढे, दोन्ही टोकांना निमुळते. "ही घरातली उंदरी. चिचुंद्री असती तर तिच्या वासानेच कळलं असतं."

तुमच्या आधी आम्ही एका माणसाला बोलावलं होतं. १८०० रुपये घेऊन त्याने दोन चिकट पॅड टाकले, पलंगाखाली विषाचे निळे केक ठेवले आणि गेला. रात्री दोनला स्वयंपाकघरातून जो आवाज आला तो मी विसरणार नाही. एवढासा जीव, चारही पाय गोंदात, आणि सुटायच्या धडपडीत अंगावरची कातडी निघत होती. आम्ही दोघं नुसते बघत उभे राहिलो. मारायची हिंमत नाही, सोडवायचं कसं ते माहीत नाही. शेवटी नवऱ्याने पॅडसकट पिशवीत गुंडाळून ते कचऱ्याच्या डब्यात टाकलं. जिवंत. लेक दारामागून बघत होती, ते आम्हाला सकाळी कळलं. ती दोन दिवस आमच्याशी धड बोलली नाही.

तुम्हाला हे सांगताना मला वाटलं, तुम्ही हसाल. आयुष्यभर मुंबई महापालिकेत रात्रपाळीला काठी आणि बॅटरी घेऊन उंदीर मारलेला माणूस तुम्ही. रात्रीचे तीस भरले नाहीत तर त्या दिवसाचा पगार नाही, हे तुम्ही चहा पिताना सहज सांगितलंत, जसं कुणी लोकल चुकल्याचं सांगावं. पण गोंदाचं ऐकून तुम्ही कप खाली ठेवलात. "मारायचं तर एका फटक्यात. तडफडवायचं नाही. आणि चिकटलाच कधी, तर खायचं तेल ओतायचं, गोंद सुटतो." मग पलंगाखालचे निळे केक स्वतः कागदात गोळा केलेत. ते खाल्लं की रक्त गोठणं बंद होतं, उंदीर चार-पाच दिवसांनी मरतो आणि तोही भिंतीत नाहीतर कपाटामागे. मग वास काढत बसा. "घरात पोर आहे, खाली मांजरं आहेत. ही वस्तू जमिनीवर ठेवायची नसते. आणि देव न करो, कुणी खाल्लं तर दवाखान्यात जाताना वेष्टन बरोबर न्यायचं. डॉक्टरला त्यावरून औषध ठरवता येतं." ज्याने १८०० रुपये घेतले त्याने यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं.

मग तुम्ही सासूबाईंकडे रांगोळी मागितलीत. त्यांना वाटलं, काही तोडगा बिडगा करणार. तुम्ही चिमटीने भिंतीच्या कडेकडेने पांढरी रेघ ओढलीत, फ्रिजपासून मोरीपर्यंत, आणि "आता उद्या" म्हणून निघून गेलात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या रेघेवर पावलं उमटलेली. लेकीला तुम्ही मोजायला लावलंत: पुढच्या पायाला चार बोटं, मागच्याला पाच. पावलं सरळ वॉशिंग मशीनखाली जात होती आणि तिथून परत येत होती.

मशीन तिरकं केलं तेव्हा मी किंचाळले, त्याबद्दल क्षमस्व. खालची बाजू उघडीच होती, पत्रा नाही, जाळी नाही. आणि आत ते घर. फुलवाती पिंजून केलेला कापूस, लेकीच्या मोज्याची लोकर, गेल्या दिवाळीच्या आकाशकंदिलाच्या झिरमिळ्या, वर्तमानपत्राच्या चिंध्या. सासूबाई म्हणाल्या, "बाई गं, माझ्या सगळ्या वाती!" आणि त्या वातींत सहा पिल्लं. सुपारीपेक्षा लहान, गुलाबी, डोळे मिटलेले. तुम्ही लेकीला जवळ घेतलंत आणि एका पिल्लाच्या पोटाकडे बोट दाखवलंत. कातडीतून आतला पांढरा ठिपका दिसत होता. "हे दूध. आई आत्ताच पाजून गेलीय. म्हणजे लांब नाही, इथंच कुठेतरी बसून आपल्याला बघतेय."

तीस-तीसच्या हिशेबात आयुष्य गेलेल्या माणसाने ते ज्या आवाजात सांगितलं, त्यासाठी खरं तर हे पत्र आहे.

त्यात त्या दिवशी संकष्टी. सासूबाई अडून बसल्या, बाप्पाचं वाहन आहे, माझ्या घरात मारायचं नाही. तुम्ही मान डोलावलीत. "बरोबर आहे माई. पण वाहन आहे ना, मग पार्किंगमध्ये राहू दे. घरात कशाला?" सासूबाई हसल्या. पंधरा दिवसांत पहिल्यांदा.

पिंजऱ्याला आम्ही पोळीचा तुकडा लावत होतो, तोही ओट्यावर, जिथे आम्हाला सोयीचं होतं. तुम्ही पिंजरा भिंतीला चिकटवून ठेवलात, उंदीर मोकळ्यातून चालत नाही, अंग भिंतीला घासत चालतो म्हणून. आकड्याला शेंगदाण्याच्या कुटाची गोळी आणि त्यावर काय लावलंत, तर देवघरातली एक फुलवात. "बाळंतिणीला खायलाही हवं आणि अंथरायलाही." पाऊण तासात खटका पडला. मला वाटलं होतं, एखादा राक्षस असेल. निघाली अंगठ्याएवढी, मोठे कान, थरथरणारी.

लेकीने विचारलं, "आता यांना मारणार?" मी तोंड उघडणारच होते. सोडणार गं, शेतात मजेत राहतील, वगैरे. तुम्ही मला हाताने थांबवलंत आणि तिच्यासमोर उकिडवे बसलात. नाही मारणार म्हणालात, मागच्या मोकळ्या प्लॉटवर विटांच्या ढिगाखाली घरट्यासकट ठेवणार. मग जगतील? "माहीत नाही बाळा. तिने पिल्लं उचलून नेली तर जगतील. घाबरून सोडून गेली तर नाही. वर घार आहे, खाली मांजर आहे. मी नक्की सांगू शकत नाही." तिने थोडा विचार केला आणि घरट्यावर आपला दुसरा मोजा ठेवला. एक नाहीतरी फुकटच गेला होता.

काका, त्या रात्री ती माझ्याशी पुन्हा बोलायला लागली.

नंतरचं काम कंटाळवाणं होतं, आणि तुम्हाला त्यातच सगळ्यात जास्त रस होता. उंदरीचे दिवस भरायला जेमतेम तीन आठवडे लागतात आणि पोरी सहा आठवड्यांत स्वतः आया व्हायला तयार होतात, त्यामुळे एक पकडून भागत नाही, दार बंद करावं लागतं, हे तुम्ही नवऱ्याला अशा सुरात समजावलंत की तो बिचारा आपलंच काही चुकलं असल्यासारखा ऐकत होता. तसं चुकलं होतंच. सिंकखालच्या भोकात त्याने फोम भरला होता. तुम्ही तो बोटाने उकरून दाखवलात: आतून कुरतडून छान बोगदा झाला होता. मग लेकीच्या हातात पेन्सिल दिलीत. "जिथं ही जाईल तिथं उंदीर जाईल." तिने अख्ख्या घराची तपासणी केली आणि अकरा भोकं काढली: गॅसच्या नळीभोवती, एसीच्या पाइपाशी, मोरीच्या जाळीत, मागच्या दाराच्या फटीत. प्रत्येक भोकात तारेची घासणी कोंबायची, वरून सिमेंट लिंपायचं. दाराखाली पट्टी. मशीनखाली जाळी.

आणि साफसफाई. मी झाडू उचलला तर तुम्ही ओरडलात, तेवढे एकदाच. कोरडं झाडायचं नाही, धूळ नाकात जाते. आधी ब्लीचचं पाणी शिंपडायचं, थांबायचं, हातमोजे घालून कागदाने टिपायचं. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोचा ताप पसरला, तेव्हा तुमच्या खात्यातला एक जोडीदार आठवडाभर तापाने फणफणत होता. उंदराचं मूत मिसळलेलं पाणी पायाच्या जखमेला लागलं, एवढंच निमित्त. तुम्ही फार बोलला नाहीत त्यावर. मीही विचारलं नाही.

मी पाकीट पुढे केलं तेव्हा तुम्ही म्हणालात, आयुष्यभर मेलेले मोजून पगार घेतला, जिवंत नेल्याचे पैसे कसले घेऊ. आणि घासणीचे ८५ मागून घेतलेत. मी दार लावून बराच वेळ तिथेच उभी होते.

तुमची बॅटरी आमच्याकडेच राहिली आहे, ती फ्रिजवर ठेवली आहे. सासूबाईंनी नव्या वाती वळल्यात, आता झाकणाच्या स्टीलच्या डब्यात असतात. रांगोळीची रेघ लेक रोज रात्री स्वतः ओढते, आम्हाला हात लावू देत नाही. काल सकाळी तिथे पुन्हा पावलं होती. माझा जीव खालीवर झाला. ती पोटावर पालथी पडून, तुमची बॅटरी लावून मोजत बसली आणि बऱ्याच वेळाने मान वर करून म्हणाली, "पुढच्यालाही पाचच आहेत. पाल आहे. आजोबांना सांग, यायची घाई नाही, चहाला या."

आपली,
तळमजल्यावरची सूनबाई