हर्णै बंदरावर भुरीसाठी आलेल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

नाव कुठे घ्यायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून घेत नाही. पण आभार मात्र चारचौघांत मानणार. जुलैतले ते दिवस आठवले की अजून घसा दाटून येतो.

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. होड्या वर ओढलेल्या, लिलाव नाही, म्हणजे किनाऱ्यावर मासळीचं डोकं-शेपूटसुद्धा नाही. आपल्या घरात सुका जवळा तरी असतो. बंदरावरची कुत्री हे दोन महिने कशावर काढतात, हे इतकी वर्षं इथे राहून माझ्या कधी मनातच आलं नव्हतं. भुरी तर नुसती हाडं राहिली होती. त्यात मानेवर कुणा कुत्र्याचा चावा. तो पावसात चिघळला, माश्या बसल्या नि अळ्या पडल्या. होडीखालून वास यायला लागला तेव्हा आम्हाला कळलं.

मग फोनाफोनी. एकाने विचारलं, मालक कोण? दुसरीकडून उत्तर आलं, भटकं कुत्रं टेबलावर घेत नाही, बाकीची माणसं नाराज होतात. तिसरे गृहस्थ प्राणिप्रेमी. त्यांनी फोटो मागवला, लोकेशन मागवलं. संध्याकाळी तोच फोटो, खाली दुःखाच्या चार ओळी, फिरत फिरत माझ्याच मोबाइलवर आला. ते आले नाहीत. शेजारी म्हणाले, फिनेल ओत. मी बाटली घेऊन निघालेही होते, काका. हे तुम्हाला आजवर सांगितलं नाही. तेवढ्यात तुमचा फोन आला आणि तुमचं पहिलंच वाक्य होतं, "फिनेल, पेट्रोल काही घालू नकोस हां, मांस भाजतं."

भर पावसात तुम्ही आंजर्ल्याहून आलात. टर्पेंटाइन, चिमटा, तोंडाला सैलसर पट्टी, जखमेच्या कडेने करंजाचं तेल, हे सगळं नंतरचं. मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं.

भुरीच्या अंगावर कधीतरी कुणीतरी गरम पाणी टाकलेलं. माणूस दिसला की ती होडीच्या बुडाखाली आत आत सरकायची. आम्ही जाळं टाकून धरायच्या बेतात होतो. तुम्ही ते बाजूला ठेवायला लावलंत आणि तिच्याकडे पाठ करून ओल्या वाळूत बसलात. अर्धा तास तरी असेल. टोपीवरून पाणी तुमच्या मानेत उतरत होतं. मी काही बोलायला गेले तर नुसता हात वर केलात. समोर पावसात पुसट झालेला सुवर्णदुर्ग, तिकडे बघत राहिलात. तिने आधी तुमचा सदरा हुंगला. मागे गेली. परत आली. शेवटी तुमच्या कोपराला नाक लावून उभी राहिली, तरी तुम्ही वळला नाहीत. आणखी थोडं थांबलात. "रोखून बघितलं की त्यांना वाटतं आता धरणार," मग हळूच म्हणालात, "तिचं तिला ठरवू दे."

जन्मभर जनावरांच्या दवाखान्यात पट्टीबंधक म्हणून राबलेल्या माणसाला घाई नव्हती. ज्यांना काहीच करायचं नव्हतं त्यांना मात्र फोन ठेवायची केवढी घाई! माझे आजोबा होडीवरून उतरले की दोन बांगडे वाळूत टाकून पुढे जायचे. मागे वळून बघायचे नाहीत, कुत्र्यांनी खाल्ले की नाही तेही नाही. तुम्हाला बघून ते आठवले. अशी माणसं अजून आहेत, आपल्याच खाडीपलीकडे आहेत, याचा मला फार आधार वाटतो.

जखम भरली. केसही येऊ लागलेत. रेबीजची लस टोचून झाली, पाऊस उघडला की नसबंदीचं बघतेय. मी जवळ गेले की भुरी अजून सरकते, पण होडीखाली जात नाही. मीही आता पाठ करून बसते.

तुमचा चिमटा माझ्याकडेच राहिलाय, उकळून ठेवलाय. न्यायला याल तेव्हा जेवूनच जायचं. पेट्रोलचेही पैसे घेतले नाहीत, निदान आईच्या हातची सुरमई तरी नाही म्हणू नका.

तुमची,
बंदरावरची पोर